मोटार परदेशी नेताना: मिक्सर, घरघंटी आणि थ्री-फेज यंत्रं

परदेशी बिऱ्हाड हलवताना सामानात मिक्सर हमखास असतो. कुणी ज्वारी-बाजरीच्या पिठासाठी घरघंटी पाठवतं, कुणी छोटा धंदा टाकायला चपातीचं किंवा शेवयांचं यंत्र. ‘तिकडे पिन बसेल का?’ हे सगळेच विचारतात, पण तो सगळ्यांत किरकोळ प्रश्न आहे. अ‍ॅडॉप्टर पिनेचा आकार बदलतो, बाकी काहीही बदलत नाही. मोटार जळते किंवा अडते ती व्होल्ट (विजेचा दाब) आणि हर्ट्झ (विजेची सेकंदाला किती आवर्तनं होतात) या दोन आकड्यांमुळे. व्होल्ट ट्रान्सफॉर्मरने कमी-जास्त करता येतात. हर्ट्झ मात्र ट्रान्सफॉर्मरमधून जसेच्या तसे बाहेर येतात, तो कितीही भारी घेतला तरी. म्हणून आपल्या यंत्रातल्या मोटारीला हर्ट्झने फरक पडतो की नाही, हे आधी ठरवायचं. ट्रान्सफॉर्मर, पुली, व्हीएफडी (मोटारीला मिळणारे हर्ट्झ बदलणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) यांचा खर्च त्यानंतर.

पायरी 1: तिथली वीज कोणती

भारतात घरात 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ वीज असते. थ्री-फेज मोटारीच्या प्लेटवर बहुतेक वेळा 415 व्होल्ट लिहिलेलं दिसतं.

ब्रिटन, युरोप, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, मलेशिया, दुबई, ओमान, कतार, कुवेत इथे 220 ते 240 व्होल्ट आणि 50 हर्ट्झच आहेत. तिथे फक्त पीन बदला, मोटार इथल्यासारखीच चालेल. ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी तीन पिनांच्या प्लगमध्ये आत फ्यूज असतो. 750 वॉटच्या मिक्सरला 3 अँपियरचा फ्यूज अपुरा पडतो, 5 अँपियरचा घाला.

सौदी अरेबियात 230 व्होल्ट, पण 60 हर्ट्झ. जुन्या इमारतींत 127 व्होल्टचे पॉइंटही आढळतात, म्हणून मीटर लावून पाहिल्याशिवाय काही जोडू नका. दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्सही 220-230 व्होल्ट आणि 60 हर्ट्झच्या गटातले. हा गट फसवतो. व्होल्ट जुळतात, यंत्र लगेच सुरू होतं, आणि दोन महिन्यांनी घरघंटीचा कॅपॅसिटर फुगल्यावर हर्ट्झ वेगळे होते हे कळतं.

अमेरिका आणि कॅनडात भिंतीच्या सॉकेटमध्ये 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. मेक्सिकोत 127, तैवानात 110, दोन्हीकडे 60 हर्ट्झ. ब्राझीलमध्ये शहरागणिक 127 किंवा 220 व्होल्ट, हर्ट्झ 60.

जपानात सगळीकडे 100 व्होल्ट, पण टोकियोच्या बाजूला 50 हर्ट्झ आणि ओसाकाच्या बाजूला 60. 1890 च्या दशकात टोकियोने जर्मनीच्या एईजीची 50 हर्ट्झची यंत्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची 60 हर्ट्झची. ती फाळणी आजही तशीच आहे.

पायरी 2: नेमप्लेट वाचा

यंत्र पालथं करा. मिक्सरच्या बुडाला किंवा मोटारीच्या अंगावर पत्र्याची नाहीतर स्टिकरची पट्टी असते. यंत्र बांधून पाठवण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा. मोटारीची पट्टी तेला-पिठाने भरलेली असेल तर ओल्या फडक्याने हळू पुसा, घासलंत तर आकडे जातात.

व्होल्टच्या जागी ‘230’ असेल तर एकच व्होल्टेज चालतं. ‘100-240’ असेल तर यंत्रात इलेक्ट्रॉनिक सप्लाय आहे, जगात कुठेही लावा. ‘110/220’ अशी तिरपी रेघ असेल तर मागे किंवा बुडाला एक सरकवायचा स्विच शोधा, तो बदलायचा राहिला तर मोटार गेलीच. हर्ट्झच्या जागी ‘50/60’ असेल तर निम्मी चिंता मिटली. नुसतं ‘50’ असेल तर पुढची पायरी नीट करा. मिक्सरवर ‘30 मिनिटे’ असं रेटिंग असतं. त्याचा अर्थ सलग अर्धा तास चालवा असा नाही. 5 मिनिटं चालू, 2 मिनिटं बंद, अशा फेऱ्या धरून तो आकडा येतो. ट्रान्सफॉर्मरवर चालवताना ही शिस्त जास्तच पाळावी लागते.

मोटारीच्या प्लेटवर आरपीएमही (मिनिटाला किती फेरे) पाहा. 1440, 2880 किंवा 960 च्या आसपासचा आकडा असेल तर ती इंडक्शन मोटार, म्हणजे हर्ट्झला बांधलेली. ‘एसी/डीसी’ छापलेलं असेल तर ती ब्रशची मोटार.

पायरी 3: मोटार कोणत्या जातीची

कार्बन ब्रशची मोटार. मिक्सर, हातातलं ड्रिल, ग्राइंडर, व्हॅक्यूम क्लीनर आणि शिलाई मशीनला बाहेरून लावायची छोटी मोटार या जातीच्या असतात. चालू केली की चढत्या आवाजात किंचाळते आणि लोड पडला की आवाज खाली येतो. अंधारात जाळीतून निळसर ठिणग्या दिसतात. बऱ्याच ड्रिल-ग्राइंडरना दोन्ही बाजूंना स्क्रूड्रायव्हरने उघडायच्या काळ्या टोप्या असतात, आत स्प्रिंग आणि कार्बन. ही मोटार 50 वर चालते, 60 वर चालते, डीसीवरही चालते. तिला फक्त व्होल्ट बरोबर हवेत.

इंडक्शन मोटार. घरघंटी, वेट ग्राइंडर, पाण्याचा पंप, फ्रिजचा कॉम्प्रेसर, साधा सीलिंग फॅन, जुनं वॉशिंग मशीन. आवाज संथ, घुमणारा, लोड पडला तरी फारसा न बदलणारा. सिंगल-फेज असेल तर अंगावर किंवा शेजारी डबीसारखा कॅपॅसिटर असतो, त्यावर मायक्रोफॅरडचा आकडा. तिचा वेग हर्ट्झ ठरवतात: 120 गुणिले हर्ट्झ भागिले पोलची (आतल्या चुंबकी ध्रुवांची) संख्या. चार पोलच्या मोटारीचं चुंबकक्षेत्र 50 वर 1500 आरपीएमने फिरतं, 60 वर 1800 ने. रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, त्याच्या थोडा मागे राहतो, म्हणून प्लेटवर 1440 दिसतं.

बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) किंवा इन्व्हर्टर मोटार. नव्या पंख्यांत आणि काही वॉशिंग मशीनमध्ये असते. आतलं सर्किट वीज आधी डीसी करून घेतं, त्यामुळे हर्ट्झचा प्रश्न उरत नाही. पण व्होल्टची खालची मर्यादा पाहा. भारतातल्या बऱ्याच बीएलडीसी पंख्यांना 140 व्होल्टच्या खाली सुरूच व्हायचं नसतं, 120 वर ते गप्प बसतात.

मिक्सर अमेरिकेत चालवायचा तर

सरळ भिंतीत लावला तर काय होतं ते आधी समजून घ्या, कारण हा प्रयोग बरेच जण करतात. 230 व्होल्टचा मिक्सर 120 वर फिरतो. जार रिकामा असताना ठीकही वाटतं. पण व्होल्ट निम्मे झाले की करंटही निम्मा होतो, आणि ताकद जेमतेम पावपट उरते. गोडा मसाला दळायला घेतला की सुकं खोबरं आणि दगडफूल पात्याखाली अडतं आणि मोटार जागच्या जागी गुणगुणत उभी राहते. उभी मोटार सगळ्यांत वाईट, कारण तिला थंड ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर असतो, तोही थांबतो. दोन-तीनदा असं झालं की वार्निशचा कडवट वास यायला लागतो. उलट 120 व्होल्टचं यंत्र भारतात सरळ 230 वर लावलं तर काही सेकंदांत जळतं.

इलाज म्हणजे स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर.

1. वॉट दुप्पट धरा. मिक्सर 500 वॉटचा असेल तर ट्रान्सफॉर्मर 1000 व्हीएचा (व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपियर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता), 750 असेल तर 1500 चा. मोटार सुरू होताना आणि अडताना प्लेटपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. नेमका 750 चा ट्रान्सफॉर्मर घेतला तर त्याच क्षणी व्होल्ट कोसळतात आणि मिक्सर अडकतो.

2. ट्रान्सफॉर्मर लोखंडी गाभ्याचा, जड असायला हवा. 1500 व्हीएचा दोन्ही हातांनी उचलावा लागतो. प्रवासासाठी विकले जाणारे हलके ‘1600 वॉट’चे कन्व्हर्टर घेऊ नका. ते विजेची लाट कापून व्होल्ट कमी केल्याचा आभास करतात, इस्त्री आणि हेअर ड्रायरच्या तारेला ते चालतं, मोटारीला नाही. शिवाय त्यातले बहुतेक 220 चे 110 करणारे असतात, आपल्याला उलट दिशा हवी.

3. सॉकेटची क्षमता तपासा. अमेरिकेतलं साधं सॉकेट 15 अँपियरचं, म्हणजे 120 गुणिले 15, 1800 वॉट. स्वयंपाकघरातली सर्किटं 20 अँपियरची असतात. 750 वॉटचा मिक्सर त्या बाजूला सहा-सात अँपियर घेतो, जार अडला की बराच जास्त. त्याच ओळीवर टोस्टर किंवा मायक्रोवेव्ह चालू असेल तर ब्रेकर पडेल.

4. अर्थिंग शेवटपर्यंत पोचतंय का ते पाहा. ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या ‘सगळ्या देशांच्या’ सॉकेटमध्ये अर्थचं भोक असतं, पण आत वायर जोडलेली नसते, असं वारंवार आढळतं. ट्रान्सफॉर्मर भिंतीतून काढा. मल्टीमीटर ओहमवर ठेवा, एक टोक ट्रान्सफॉर्मरच्या प्लगच्या गोल पिनेला, दुसरं सॉकेटच्या अर्थच्या भोकात. आकडा शून्याच्या जवळ आला पाहिजे. नाही आला तर तो ट्रान्सफॉर्मर परत करा.

5. बाहेर किती व्होल्ट येतात ते मोजा. ‘110 ते 220’ लिहिलेला ट्रान्सफॉर्मर खरं तर दुप्पट करतो, म्हणून 120 चे 240 होतात. 230 च्या मोटारीला दहा टक्के इकडे-तिकडे चालतात, म्हणजे 207 ते 253. मिक्सर चालू असताना 220 च्या खाली जात असेल तर ट्रान्सफॉर्मर लहान आहे किंवा एक्स्टेन्शनची वायर बारीक आहे.

6. काम झालं की ट्रान्सफॉर्मर भिंतीतून बंद करा. रिकामा असला तरी तो थोडी वीज खातो आणि गरम राहतो.

जपानात हाच दुप्पट करणारा ट्रान्सफॉर्मर वापरला तर 100 चे 200 च होतात आणि ताकद सुमारे पाऊणपट उरते. तिथे ‘100 ते 220’ किंवा ‘100 ते 230’ असाच मागा.

मिक्सर एकच असेल आणि कायमचं राहायचं असेल तर हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा अमेरिकेत मिळणारा 110-120 व्होल्टचा भारतीय पद्धतीचा मिक्सर घ्यावा. जार, पाती सगळं ओळखीचं असतं, आणि ओट्यावरची जागा वाचते. ट्रान्सफॉर्मर परवडतो तो आधीच चांगला मिक्सर हाताशी आहे तेव्हा, किंवा एकाच ट्रान्सफॉर्मरवर दोन-तीन यंत्रं आळीपाळीने चालवायची असतात तेव्हा.

प्लग कापून बदलणार असाल तर एक धोका लक्षात ठेवा. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थ. अमेरिकेत काळा म्हणजे फेज आणि पांढरा न्यूट्रल. भारतातल्या सवयीने काळ्याला निरुपद्रवी समजून हात लावू नका. नव्या भारतीय कॉर्डमध्ये तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ असतो.

घरात 240 व्होल्ट असतातच, ते वापरावेत का

अमेरिकेतल्या घरात कपडे सुकवायच्या यंत्राला आणि शेगडीला 240 व्होल्टचा पॉइंट असतो. तिथे दोन जिवंत वायरी येतात, प्रत्येक जमिनीपासून 120 व्होल्टवर, आणि त्या दोघींमध्ये 240. आपल्या यंत्राला 240 मिळाल्याशी कारण, त्यामुळे ते चालतं. दोन अडचणी मात्र आहेत.

पहिली, आपल्या मिक्सरचा स्विच एकच वायर तोडतो. बंद केल्यावरही दुसऱ्या वायरीतून आतपर्यंत 120 व्होल्ट राहतात. जार धुताना, पातं काढताना प्लग बाहेर असलाच पाहिजे.

दुसरी अडचण जास्त गंभीर. ड्रायरचा पॉइंट 30 अँपियरचा आणि शेगडीचा बहुधा 50 चा. मिक्सरच्या कॉर्डची तार बारीक, बहुतेक 0.75 चौरस मिलिमीटरची. आत शॉर्ट झाला किंवा मोटार अडून बसली तर ब्रेकर पडायच्या आधी कॉर्ड पेटते. म्हणून तिथे अ‍ॅडॉप्टर लावून चालवू नका. लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनकडून 240 व्होल्टचा वेगळा पॉइंट काढून घ्या: 15 किंवा 20 अँपियरचा, दोन्ही जिवंत वायरी एकदम तोडणारा डबल-पोल ब्रेकर, आणि अर्थ. घरघंटीसाठी तर दुसरा मार्गच नाही. एक हॉर्सपॉवरची सिंगल-फेज मोटार 230 व्होल्टवर सात अँपियरच्या आसपास घेते आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. तेच ट्रान्सफॉर्मरच्या 120 च्या बाजूला दुप्पट होतं, आणि 15 अँपियरचा ब्रेकर पहिल्याच झटक्याला पडतो.

घरघंटी आणि वेट ग्राइंडर 60 हर्ट्झवर

इंडक्शन मोटारीच्या पोटातलं चुंबकत्व व्होल्ट भागिले हर्ट्झ या भागाकारावर ठरतं. एवढा एक भागाकार करता आला तर मोटार टिकेल की जळेल याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो.

भारतात 230 भागिले 50, म्हणजे 4.6. अमेरिकेत 240 भागिले 60, म्हणजे 4. सौदीत 230 भागिले 60, म्हणजे 3.83. भागाकार कमी झाला की चुंबकत्व कमी, आणि मोटारीची जास्तीत जास्त ताकद भागाकाराच्या वर्गाने घटते. 4 ला 4.6 ने भागून वर्ग केला की 0.76. म्हणजे अमेरिकेत मोटारीची ओढ पाऊणपट राहते आणि सुरू होतानाची ओढ त्याहूनही खाली जाते. वेग मात्र वीस टक्के वाढतो. कमी ताकदीने जास्त वेगात दळायचं, ही खरी अडचण आहे.

वेट ग्राइंडरमध्ये पातळ पीठ भांड्याच्या कडेला फेकलं जातं आणि लवकर तापतं. घरघंटीच्या प्लेटवर 2880 च्या आसपासचा वेग असेल तर 60 वर तो 3400 च्या वर जातो. हातोड्या जास्त जोरात आपटतात, पीठ गरम पडतं, बाजरीच्या पिठाला लवकर कडवटपणा येतो, आणि मोटार प्लेटपेक्षा जास्त करंट घ्यायला लागते.

बेल्ट-पुलीचं यंत्र असेल तर इलाज सोपा आहे. मोटारीवरची पुली सहाच्या जागी पाच या मापाने लहान करा: 60 मिलिमीटरची असेल तर 50, 90 ची असेल तर 75. दळायच्या बाजूचा वेग पूर्वीइतका होतो, आणि लहान पुलीमुळे मोटारीवरचा भारही उतरतो. बेल्ट थोडा सैल पडेल, मोटार मागे सरकवून ताण परत बसवा. अंगठ्याने मध्यभागी दाबल्यावर बेल्ट एखादा सेंटिमीटर दबला पाहिजे. पुली मात्र भारतातूनच करून न्या. अमेरिकन मोटारींचे दांडे आणि पुल्यांची भोकं इंचात असतात: आपल्या 80 फ्रेमच्या (फ्रेम म्हणजे मोटारीच्या आकाराचा क्रमांक) मोटारीचा दांडा 19 मिलिमीटर, तर तिकडच्या 56 फ्रेमचा पाच अष्टमांश इंच, म्हणजे जेमतेम 16 मिलिमीटर. तिथे दुकानात मिळालेली पुली आपल्या दांड्यावर बसत नाही.

मोटार यंत्राला थेट जोडलेली असेल, पुलीच नसेल, तर दोन मार्ग उरतात: तिकडची 60 हर्ट्झची मोटार बसवणं, किंवा थ्री-फेज मोटार आणि व्हीएफडी. थेट जोडणीत तिकडची मोटारही जोरातच फिरणार. तिची ताकद पुरी पडते, पण हातोड्यांचा वेग वाढलेलाच राहतो. म्हणून शक्य असेल तर ऑर्डर देतानाच घरघंटी थ्री-फेज मोटारीवर मागवा. त्याचं कारण पुढे येतंच.

सिंगल-फेज मोटारीत दोन गोष्टी लपून बसलेल्या असतात. एक कॅपॅसिटर. हर्ट्झ वाढले की त्यातून जास्त करंट जातो, मोटार सुरू करणारं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) आणि मुख्य वाइंडिंग यांच्यातला तोल बिघडतो आणि मोटार घुमायला लागते. डबीवरचं व्होल्ट रेटिंग 440 असल्याची खात्री करा आणि कडा फुगल्या असतील तर लगेच बदला. दुसरी गोष्ट सेंट्रिफ्यूगल स्विच. मोटार पूर्ण वेगाच्या साधारण पाऊण भागाला पोचली की वजनांच्या जोरावर हा स्विच उघडतो आणि सुरुवातीचं वाइंडिंग बाजूला होतं. 1500 साठी बसवलेला स्विच 1100-1150 ला उघडतो. 60 हर्ट्झवर क्षेत्र 1800 ने फिरत असतं, तेव्हा 1100 हा वेग फारच अलीकडचा. मोटार अर्ध्यावर सोडल्यासारखी होते, भरल्या घरघंटीत वेग घ्यायला झगडते, स्विच परत लागतो, परत उघडतो, आणि आतून टक-टक असा आवाज येतो. असा आवाज ऐकू आला की ताबडतोब बंद करा. घरघंटी रिकामी सुरू करून वेग आल्यावरच धान्य सोडलं तर बऱ्याचदा निभावतं.

थ्री-फेज यंत्रं, आणि व्हीएफडी का घ्यावा

कोल्हापूर-इचलकरंजीकडून किंवा पुण्याहून यंत्र बनवून बाहेर पाठवणाऱ्यांनी भागाकाराचं हेच गणित थ्री-फेजला लावावं. 415 भागिले 50, म्हणजे 8.3.

अमेरिकेतल्या कारखान्यात 480 व्होल्ट, 60 हर्ट्झ: भागाकार 8. जवळजवळ जुळला. मोटार चालेल, ओढ तितकीच, फक्त वेग वीस टक्के जास्त. सौदीतल्या 400 व्होल्ट, 60 हर्ट्झवर 6.67, म्हणजे ओढ सुमारे 64 टक्के. 380 असेल तर 58 टक्के. कॅनडातल्या कारखान्यांत 600 व्होल्ट, 60 हर्ट्झ असतात, तिथे भागाकार 10 येतो. मोटारीचा गाभा चुंबकत्वाने तुंबतो, इन्सुलेशनवरही ताण येतो. 600 चे 480 करणारा ट्रान्सफॉर्मर लागतोच. अमेरिकेतल्या छोट्या दुकानात मात्र 480 नसतात, तिथे बहुधा 208 व्होल्टचं थ्री-फेज असतं किंवा नुसतं सिंगल-फेज 240.

पंप आणि ब्लोअरच्या बाबतीत वेगाचा वीस टक्के फरक फार महाग पडतो. पाणी 1.2 पट, दाब 1.44 पट, पण लागणारी ताकद 1.2 चा घन, म्हणजे 1.73 पट. सौदीत ओढ 64 टक्क्यांवर आलेली मोटार आणि तिच्यावर पाऊणपट वाढलेला भार, अशी गाठ पडते. ओव्हरलोड रिले पडतो, आणि तो वर सरकवून चालवला तर वाइंडिंग जातं. पंप 60 हर्ट्झवरच चालवायचा असेल तर इंपेलर लेथवर सहास पाच या मापात उतरवून घ्या, 150 मिलिमीटरचा असेल तर साधारण 125. फार उतरवला तर पंपाची कार्यक्षमता घसरते, म्हणून उत्पादकाच्या वक्राशी ताडून पाहा.

छोट्या यंत्राला उत्तम उपाय व्हीएफडी. सिंगल-फेज 240 आत घेऊन थ्री-फेज 240 बाहेर देणारे व्हीएफडी तीन हॉर्सपॉवरपर्यंत सहज मिळतात, आणि ते हर्ट्झही बदलतात, जे ट्रान्सफॉर्मर करू शकत नाही. पण मोटार 415 ची आहे ना? इथे टर्मिनल बॉक्स उघडावा लागतो.

चार स्क्रू काढा. आत सहा पितळी बोल्ट दोन ओळींत असतील तर काम होईल. भारतात दोन हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटारी बहुधा स्टारमध्ये जोडलेल्या येतात: एका ओळीतले तिन्ही बोल्ट पितळी पट्ट्यांनी आडवे जोडलेले, दुसऱ्या ओळीत वायरी. पट्ट्या सोडवा आणि उभ्या लावा, वरचा बोल्ट खालच्याशी, अशा तीन जोड्या. आता मोटार डेल्टात आहे. 415 ला 1.732 ने भागलं की 240, म्हणजे तीच मोटार 240 व्होल्टची झाली. नट घट्ट आवळा, सैल पट्टी तापून काळी पडते. फक्त तीनच वायरी बाहेर आल्या असतील तर मोटार उघडून आतला स्टारचा सांधा सोडवून द्यावा लागतो, ते काम इथल्या रिवाइंडिंगवाल्याकडून पाठवण्याआधी करून घ्या. तीन हॉर्सपॉवर आणि वरच्या मोटारी आधीच डेल्टात असतात, त्यांच्यावर ही युक्ती चालत नाही.

व्हीएफडीत भरायचे आकडे (फ्रिक्वेन्सी म्हणजे हर्ट्झच): मोटार व्होल्ट 240, बेस फ्रिक्वेन्सी 50, कमाल फ्रिक्वेन्सी 50. बरेच व्हीएफडी 60 वर लावून येतात. तो आकडा तसाच राहिला तर 50 वर मोटारीला 200 च व्होल्ट मिळतात आणि ताकद कमी पडते. करंटचा आकडा डेल्टाचा भरा: एक हॉर्सपॉवरच्या प्लेटवर स्टारचे 1.9 अँपियर असतील तर डेल्टात 1.9 गुणिले 1.732, सुमारे 3.3. वेग चढायला 5 सेकंद द्या. व्हीएफडी आणि मोटार यांच्यामध्ये स्विच, कॉन्टॅक्टर, कॅपॅसिटर काहीही लावायचं नाही. उलटी फिरली तर मोटारीकडच्या कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा. आणि सिंगल-फेज कॅपॅसिटरची मोटार व्हीएफडीवर लावू नका, कॅपॅसिटर किंवा व्हीएफडी यांतलं एक जातंच.

धंद्यासाठी नेत असाल तर चालण्याच्या पुढची एक गोष्ट: अमेरिकेत तपासणी करणारा माणूस आणि विमा कंपनी यूएल किंवा ईटीएलसारखं सुरक्षेच्या तपासणीचं चिन्ह मागतात, आयएसआय मार्क तिथे धरला जात नाही. अशा ठिकाणी यंत्राचा सांगाडा इथून आणि मोटार, स्विच, व्हीएफडी तिकडून, हा मार्ग बरा पडतो.

पहिल्यांदा चालू करताना

आधी रिकामं यंत्र, फक्त 10 सेकंद. आवाज, फिरण्याची दिशा, वास. मग 5 मिनिटं रिकामं. क्लॅम्प मीटरने करंट मोजा. त्याच्या जबड्यात एकच वायर घ्यावी लागते, पूर्ण कॉर्ड घेतली तर मीटर शून्य दाखवतं. इंडक्शन मोटारीचा रिकामा असतानाचा करंट प्लेटवरच्या आकड्याइतका किंवा जास्त असेल तर व्होल्ट आणि हर्ट्झचा भागाकार चुकला आहे, तिथेच थांबा. मग अर्ध्या मापाचा लोड, 10 मिनिटं, आणि बंद करून प्लग काढून मोटारीच्या अंगावर हात ठेवा. तळहात पाच सेकंद टेकवता आला तर ठीक, एका सेकंदात उचलावा लागला तर लोड कमी करा. स्वयंपाकघरातलं गळती पकडणारं सॉकेट वारंवार पडत असेल तर दोष सॉकेटचा धरू नका. जहाजातून आलेल्या यंत्राच्या वाइंडिंगमध्ये ओल शिरलेली असते. ते दोन दिवस उन्हात किंवा हीटरसमोर सुकवून मगच पुन्हा लावा.

उलट दिशा: तिकडचं यंत्र भारतात

ब्रशच्या मोटारीचा स्टँड मिक्सर, शिलाई मशीन, ड्रिल यांना 230 चे 120 करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पुरतो, 300 वॉटच्या मिक्सरला 750 ते 1000 व्हीए. ट्रान्सफॉर्मरवर ‘50/60’ हर्ट्झ छापलेलं हवं. फक्त 60 साठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा 50 वर तुंबतो आणि रिकामा असतानाच तापतो. ट्रेडमिलची मोटार बहुधा डीसी असते, हर्ट्झचा प्रश्न नाही, पण तिला दोन-तीन केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागतो.

इंडक्शन मोटारीचं यंत्र या दिशेने जास्त धोक्याचं. 120 भागिले 60, म्हणजे 2, पण भारतात 120 भागिले 50, म्हणजे 2.4. गाभा वीस टक्के जास्त भरतो, मोटार घुमते आणि काही न करता तापते. तिला 120 ऐवजी 100 व्होल्ट द्या, भागाकार पुन्हा 2 येतो. त्यासाठी जपानी सामानासाठी विकला जाणारा ‘230 ते 100’ ट्रान्सफॉर्मर घ्यावा. वेग सतरा टक्के उतरेल आणि मोटारीचा पंखाही मंदावेल, म्हणून सलग चालवू नका. सेंट्रिफ्यूगल स्विच असलेली मोटार मात्र आणूच नका. 1800 च्या पाऊण भागाला, म्हणजे 1350 ला उघडणारा स्विच 1500 च्या क्षेत्रात लोडखाली कधीकधी उघडतच नाही, आणि सुरुवातीचं वाइंडिंग मिनिटभरात जळून जातं. फ्रिज, वॉशिंग मशीन आणि मायक्रोवेव्ह तिकडेच विकून या. एसी मोटारीचा जुना रेकॉर्ड प्लेअर मात्र 100 व्होल्टवर सांभाळण्यासारखा असतो: 33 च्या जागी 28 च्या आसपास फिरतो आणि गाणं जड वाटतं, पण मोटारीच्या दांड्यावरची छोटी पितळी पुली 1.2 पट जाडीची करून घेतली की वेग पुन्हा जागेवर येतो.